जेसीबी हे माणसाचं नाव आहे

नमस्कार श्रोतेहो.

घराचा पाया खणायचा असला, ओढ्यातला गाळ काढायचा असला, पाण्याच्या पाइपलाइनसाठी चर मारायचा असला, की आपल्या तोंडून सहज निघतं, "जेसीबी लावू या." मशीन कुठल्या का कंपनीचं असेना, आपल्यासाठी तो जेसीबीच. आणि चेनवर चालणारं मोठं धूड दिसलं की तो पोकलेन. खरं तर दोन्ही कंपन्यांची नावं. पोकलेन आला फ्रान्समधून. जेसीबी ही मात्र एका इंग्रज माणसाच्या नावाची आद्याक्षरं आहेत. जोसेफ सिरिल बॅमफर्ड.

म्हणजे माणसाचं नाव यंत्राला लागलं. गंमत अशी, की त्याच्याही आधी, त्याच देशात, एका खोदयंत्राला मजुराचं नाव मिळालं होतं. अठराव्या शतकात इंग्लंडभर कालवे खणले गेले. या जलमार्गांना तिथं 'नॅव्हिगेशन' म्हणत, आणि ते खणणारा मजूर तो 'नॅव्ही'. कुदळ, फावडं आणि एकचाकी ढकलगाडी, एवढ्यावर या माणसांनी कालवे काढले, पुढं रेल्वेचे बांध घातले, डोंगर फोडले. मग वाफेवर चालणारं खोदयंत्र आलं, तेव्हा त्याला दुसरं नाव सुचलंच नाही कुणाला. 'स्टीम नॅव्ही', वाफेचा मजूर. मला हे नाव फार मोलाचं वाटतं. ज्याच्या पाठीवरचं ओझं ते यंत्र उचलणार होतं, त्याची आठवण त्या नावात राहिली.

लिंकन शहरातली रस्टन ही कंपनी या यंत्रांसाठी नावाजलेली. मँचेस्टरचा जहाजी कालवा 1887 ते 1894 या काळात खणला गेला, तिथं ही यंत्रं हजारो मजुरांच्या बरोबरीनं राबली. पण यंत्र चालवणं एकट्याचं काम नव्हतं. एकजण बॉयलरला कोळसा घालणार, दुसरा लिव्हर सांभाळणार, आणि यंत्र पुढं सरकायचं तर रूळ उचलून पुढं टाकायला वेगळी टोळी. पुढं डिझेल इंजिन आलं, तरी बकेट ओढायला पोलादी दोरच होता. 1930 मध्ये लिंकनलाच रस्टन-ब्युसायरस ही कंपनी उभी राहिली. तिचं 22-आरबी हे दोराचं मशीन ब्रिटनच्या खाणींत आणि बांधकामांवर वर्षानुवर्षं दिसायचं. ते चालवायला कसब लागायचं आणि दंडात ताकदही.

हे चित्र बदललं ते तेलानं. तेल दाबून लहान होत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सारं हायड्रॉलिक उभं आहे. इंजिन पंप फिरवतं, पंप तेलाला दाब देतो, ते तेल होजमधून सिलिंडरमध्ये शिरतं आणि आतला दट्ट्या ढकलतं. ऑपरेटरनं लिव्हर बोटभर हलवला, की पलीकडं लोखंडाचा हात जमिनीत घुसतो. एकदा आमच्या गल्लीत चर खणताना मी जवळ उभा होतो. जुनी पाण्याची लाइन कुठं आहे, कुणालाच नक्की माहीत नव्हतं. ऑपरेटरनं बकेटचे दात मातीवरून नुसते फिरवले, बोटाच्या पेराएवढी माती सोलली, थांबला, पुन्हा पेरभर सोलली. पाइप उघडा पडला, त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. टनावारी वजनाच्या मशीनचा हात इतका हलका चालताना पाहिला आणि मला या यंत्राचा माग काढावासा वाटला.

तो माग जातो स्टॅफर्डशायरमधल्या युटॉक्सेटर गावी. बॅमफर्डांचा घरचा धंदा शेतीच्या अवजारांचा. पण जोसेफ वेगळे निघाले. 23 ऑक्टोबर 1945 ला त्यांनी आठवड्याला 30 शिलिंग भाड्यानं एक गॅरेज घेतलं, बारा फूट बाय पंधरा फूट. त्याच दिवशी त्यांना मुलगा झाला. युद्धात उरलेल्या भंगारातून त्यांनी वेल्डिंग करून एक ट्रेलर बनवला. तो बाजारात विकला 45 पौंडांना, वर गिऱ्हाइकाची मोडकी गाडी घेतली. ती दुरुस्त केली आणि आणखी 45 पौंडांना विकली! 1950 मध्ये ते जवळच्या रोस्टर गावी आले. जागा होती चीजचा जुना कारखाना, हाताखाली माणसं सहा.

आणि 1953 मध्ये ती जोडणी झाली, जी आज आपण रोज बघतो. शेतीचा ट्रॅक्टर, पुढं भरायचा बकेट, मागं खणायचा हात. खणायला एक आणि भरायला दुसरं, अशी दोन मशीनं आणायची गरज संपली. शिवाय हे चाकांवर चालणारं, एका कामावरून दुसऱ्या कामावर स्वतःच रस्त्यानं जाणारं. लहान ठेकेदाराच्या आवाक्यात खोदयंत्र आलं ते यामुळं. बॅमफर्ड ऑपरेटरचा विचार करत, हे मला सर्वांत भावतं. थंडीपावसात बसणाऱ्या माणसाला बंद केबिन दिली आणि त्यात चहाच्या किटलीसाठी विजेचं सॉकेटसुद्धा. 1963 मध्ये आलेलं त्यांचं थ्री-सी हे मॉडेल आजही जुन्या मशीनच्या शौकिनांचं लाडकं आहे. 1964 मध्ये त्यांनी कामगारांना अडीच लाख पौंड बोनस वाटला.

ते एकटे नव्हते. एसेक्समध्ये व्हिटलॉक बंधूंची खोदयंत्रं होती. वेल्सच्या रिम्नी खोऱ्यात हायमॅक बनायचं, चेनवर चालणारं, पूर्ण गोल फिरणारं. ब्रिटनमध्ये अशा कुठल्याही मशीनला सर्रास 'हायमॅक' म्हणत, आपण पोकलेन म्हणतो तसंच. ही दोन्ही नावं आता कारखान्यांवर दिसत नाहीत. जेसीबी टिकली. 1979 मध्ये भागीदारीत ती हरियाणातल्या बल्लभगडला आली, नंतर आपल्या पुण्याजवळ तळेगावलाही.

जाता जाता एका यंत्राची हकीकत सांगायलाच हवी. 1909 साली बनलेली 306 क्रमांकाची रस्टन स्टीम नॅव्ही. बेडफर्डशायरमधल्या आर्लझीच्या चुनखडीच्या खाणीत ती राबली. पुढं खाणीत पाणी भरलं आणि नॅव्ही तळाशीच राहिली, बॉयलरसकट. काही दशकं ती पाण्याखाली होती. 1970 च्या दशकात तिला वर काढलं. आज ती इंग्लंडच्या उत्तरेला, थ्रेलकेल्डच्या दगडखाणीतल्या संग्रहालयात आहे. स्वतःचा वेळ खर्चून जुनी खोदयंत्रं जपणारी माणसं तिथं आहेत. त्यांनी तिचा गंज काढला, बॉयलर पेटवला, आणि वाफेच्या त्या मजुरानं पुन्हा बकेट उचलला.

नमस्कार.