खजिनदार नववीतला

नमस्कार श्रोतेहो. शाळा सुरू झाल्या, वह्यांना कव्हरं घालून झाली. आता काही शाळांच्या फळ्यावर एक सूचना लागेल: 'इंटरॅक्ट क्लबसाठी नावे द्यावीत.' हायस्कुलातल्या मित्रमैत्रिणींनो, ती वाचून पुढे जाऊ नका.

इंटरॅक्ट म्हणजे रोटरी या समाजसेवी संस्थेने शाळकरी मुलांसाठी सुरू केलेला सेवाक्लब. 1962 साली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या मेलबर्न गावच्या हायस्कुलात 23 मुलांनी पहिला क्लब काढला. वयाची अट 12 ते 18. गावातला रोटरी क्लब पाठीशी असतो, पण अध्यक्ष, सचिव, खजिनदार मुलांतलेच. वर्षाला निदान दोन उपक्रम करायचे: एक शाळेच्या किंवा गावाच्या उपयोगाचा, दुसरा देशोदेशींचा स्नेह वाढवणारा. दुसरा बऱ्याचदा झेंड्यांची चित्रं रंगवून उरकला जातो, ते सोडून देऊ. पहिल्यात खरी मजा आहे.

कोणी म्हणेल, आमच्याकडे स्काउट-गाइड आहे, रस्ता सुरक्षेचं आरएसपी पथक आहे, हरित सेना आहे, आता हे आणखी कशाला? चांगल्याच आहेत त्या. पण तिथे शिट्टी सरांकडे असते. इथे काय करायचं हेच आधी मुलांनी ठरवायचं, आणि तिथेच सगळी दमछाक होते.

समजा, अनंत चतुर्दशीला घाटावर निर्माल्य गोळा करायचं ठरलं. सभेत टाळ्या पडतात. मग सचिवाच्या लक्षात येतं, की नगरपालिकेला पत्र द्यायला हवं. ते कोण लिहिणार? हातमोजे कुणाच्या पैशांतून? एकाने चहाचे पैसे मागितले, पावती नाही. नववीतल्या खजिनदाराने आपल्याच जिवलग मित्राला 'नाही' म्हणायचं का? घाटावर गेल्यावर कळतं, की हारांतला नायलॉनचा दोरा, पिशव्या, थर्माकोल बाजूला काढल्याशिवाय त्या फुलांचं धड खत होत नाही. चिखलात बसून दोरे सोडवत राहायचं. त्यात एखादे आजोबा अडून बसतात, 'निर्माल्य पाण्यातच सोडणार!' त्यांच्याशी काय बोलायचं, हे आठवीतल्या मुलीला तिथल्या तिथे सुचावं लागतं. कधी सुचतं, कधी आजोबाच जिंकतात.

सगळेच क्लब असे नसतात, हेही सांगतो. बॅनर धरून फोटो काढला, चार रोपं लावली, संपलं, असेही भेटतात. नाव देण्याआधी एवढंच विचारा: जुलैत लावलेल्या रोपांना मार्चमध्ये पाणी कोण घालतं? काय उत्तर येतं, त्यावरून ठरवा.

आणि पालकहो, नगरपालिकेचं ते पत्र तुम्ही लिहून देऊ नका. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर चुकू दे. विसर्जनाच्या रात्री मुलांना घरी आणायला मात्र नक्की जा, ते काम तुमचंच.

दहावीत क्लासच्या वेळा सांभाळता सांभाळता जीव जातो, तेव्हा आठवी-नववीतच नाव दिलेलं बरं. शाळेत क्लब नसेल, तर मुख्याध्यापकांना विचारा आणि त्यांच्या संमतीने जवळच्या रोटरी क्लबला गाठा. त्यांचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं. नवे अध्यक्ष तेव्हा नुकतेच खुर्चीत बसलेले असतात, आणि नव्या माणसाला नवीन काही सुरू करायची हौस असतेच.