करवतीच्या मापाची पेटी

ही माझी करवत. पातं 26 इंचांचं, मूठ धरून 30 च्या आसपास. हत्यारांची पेटी किती लांब करायची, हे हिने ठरवलं. सगळ्यात लांब रंधा 22 इंची, तो आरामात मावेल. मीटर टेप हातात घेतला तो त्यानंतर. आतली लांबी धरली 33 इंच.

लाकूड पाइनचं. हत्यारांनी भरलेली पेटी उचलताना घाम फुटतो, निदान रिकामी तरी हलकी असावी.

फळीला पीळ आहे का, हे नुसतं बघून कळत नाही. दोन सरळ पट्ट्या दोन टोकांना आडव्या ठेवायच्या आणि डोळा खाली आणून एकीच्या कडेवरून दुसरीकडे बघायचं. कडा समांतर दिसल्या नाहीत, तर उंच कोपरे आधी तिरप्या रंध्याने उतरवायचे. आता आवाज ऐका. रंधा लाकडाच्या रेषांच्या उलट गेला की खरखरतो आणि लाकूड ओरबाडतो. फळी फिरवली... हा असा, एका सुरात. पट्टी सलग निघते, वर्तमानपत्र वाचता येईल इतकी पातळ. म्हणजे जवळजवळ. मथळे तरी.

कोपऱ्यांना डव्हटेल सांधा. एका फळीच्या टोकाला टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या शेपट्या, दुसरीला त्यांच्यामध्ये बसणारे दाते. पाइन मऊ, म्हणून उतार जरा जास्त: सहाला एक. आधी शेपट्या कापल्या. मग तीच फळी दुसरीच्या टोकावर ठेवून सुरीने आखलं. इथे टेप नकोच, एका फळीवरून दुसरीचं माप येतं. आणि रेघ सुरीचीच हवी. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. सुरीच्या रेघेत पटाशीची धार आपसूक जाऊन बसते. पटाशी अर्ध्यापर्यंत एका बाजूने, मग फळी उलटी करून दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने आरपार गेलो, तर पलीकडची कड फुटते.

तिसऱ्या कोपऱ्यावर टाकाऊ भागावर फुली मारायची राहिली. करवत रेघेच्या चुकीच्या बाजूने उतरली. त्याच फळीची पातळ चिपटी सरस लावून फटीत ठोकली. व्हिडिओत ती दिसणार नाही. मला मात्र झाकण उघडताना रोज दिसेल.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. त्यात ते रुंदीला फुगतं, आकसतं. लांबीला जवळपास नाहीच. पेटीच्या चारही फळ्यांच्या रेषा आडव्या आहेत, त्यामुळे चारही फळ्या उंचीतच वरखाली होतात, एकमेकींना धरून. तळाच्या पट्ट्या पुढून मागे टाकल्या, खाचेत खाच अडकवून, आणि फक्त खिळे मारले. ओल आधी तळच खाते; तेव्हा तो काढून नवा बसवता आला पाहिजे. झाकणाची फळी चौकटीच्या खाचेत सुटी आहे. सरसाचा एक थेंब तिथे गेला, तर ती पुढेमागे तडकलीच म्हणून समजा.

तळाभोवतीच्या पट्ट्याचे सांधे मात्र पेटीच्या सांध्यांच्या उलट दिशेने कापले. डव्हटेल एकाच दिशेला निसटू शकतो. आतला सैल झाला, तरी बाहेरचा त्याला धरून ठेवतो.

1796 साली इंग्लंडमध्ये बेंजामिन सीटन या तरुणाला वडिलांनी हत्यारांचा आख्खा संच घेऊन दिला. त्याने त्या हत्यारांसाठी पेटी केली. ती आज रॉचेस्टरच्या संग्रहालयात आहे, हत्यारांसकट. सुताराच्या जुन्या पेट्या बऱ्याचदा बाहेरून साध्या रंगाच्या, आतून मात्र नटलेल्या असत. बाहेरचा रंग खरवडला की नवा हात मारता येतो. माझ्या पेटीत आत नटणंबिटणं नाही, सरकते ट्रे आहेत. दोन.

ट्रे बसवणं म्हणजे संयमाची परीक्षा. रंध्याचा एक हात, अडतो. अजून एक, अडतो. रुळांना मेण लावलं, कडेवरून पुन्हा एक हात फिरवला, आणि एका बोटाने मागच्या भिंतीपर्यंत गेला.

बाहेरून निळा रंग, दोन हात. वाळल्यावर करवती उभ्या, रंधे खाली, पटाश्या वरच्या ट्रेमध्ये. सगळं मापात. फक्त मोगरी... ती सगळा वेळ हातातच होती, म्हणून तिचं माप घ्यायचं राहूनच गेलं. कोणत्याही ट्रेमध्ये बसत नाही. सध्या ती झाकणावर असते.