बारा टोपल्या आणि एक मावशी

नमस्कार श्रोतेहो. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, माझ्या माणसांना सलाम.

वाढतं वजन, खाण्यापिण्याच्या सवयी आणि ख्रिस्ती श्रद्धा यावर चार शब्द बोला, असं मला सांगितलंय. मी नर्सिंगमध्ये आयुष्य काढलं. काट्यावर चढताना माणसं काय काय करतात ते पाहिलंय. चपला काढतात, कनवटीच्या किल्ल्या काढतात, मोबाइल खाली ठेवतात आणि श्वास धरून उभी राहतात. जणू काट्याला फसवलं की सुटलो!

त्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पोटाभोवती धरा. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर किंवा पुरुषाचा ९० च्या वर गेला, तर आपल्या भारतीय माणसांसाठी तो धोक्याचा धरतात. पुन्हा सांगते, बाई ८०, पुरुष ९०. पोटावरची चरबी साखरेच्या आणि हृदयाच्या दुखण्याला आवतण देते, एवढं लक्षात ठेवा. बाकीचं तुमचे डॉक्टर सांगतील.

आता मावशींची गोष्ट. नाव सांगत नाही, त्या रेडिओ ऐकतात. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेलं बेथेल आहे ना, त्या बाजूच्या. महिला मंडळाच्या सगळ्या कामांत पुढे. कुणाच्या घरी प्रार्थनासभा असली की गाणं मावशींनीच उचलायचं. तर या मावशींची तीन महिन्यांची सरासरी शुगर तपासणीत वाढलेली आली. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. मावशींनी सभेत विनंती मांडली, माझ्या वजनासाठी प्रार्थना करा. आम्ही केली. मनापासून केली. 'आमेन' म्हटलं आणि आतून भज्यांचं ताट आलं, मागून जिलेबी. एखादं घर दारी आलेली प्रार्थनासभा सुक्या चहावर पाठवील, तर त्या घराचं नाव मंडळीत वर्षभर निघतं!

मावशी भज्याला हात लावायच्या नाहीत. जिलेबीलाही नाही. शुक्रवारी उपास. तरी वजन हलेना. मला म्हणायच्या, "सिस्टर, मी तर काहीच खात नाही बघा. देव कामून ऐकत नसंल?" खोटं बोलणारी बाई नव्हे ती. मलाही कोडं पडलं.

एकदा दुपारी त्यांच्या घरी गेले, त्यांच्या सासूबाईंचं बीपी बघायला. सासूबाई अगदी म्हाताऱ्या. खाटेवर पडून असायच्या. ऐकायला कमी, पण डोळा पक्का. घरच्यांची जेवणं उरकली होती. मावशी ताटं गोळा करत होत्या आणि माझ्याशी बोलत होत्या. बोलता बोलता नातवानं टाकलेली अर्धी पोळी तोंडात गेली. कुणाच्या ताटातला वरणभाताचा घास, गेला. पातेल्याच्या तळाची तेलाची तर्री भाकरीच्या तुकड्यानं पुसली, तीही गेली. कढईतला ठेचा निपटून घेतला, त्यासाठी आणखी चतकोर भाकरी आली. हे सगळं उभ्यानं! मग माझ्याकडं वळून म्हणतात, "मी अजून जेवलेच नाही हो. आता बसते."

मी म्हटलं, "मावशी, हे आत्ता काय झालं?"

"हे व्हय? हे काय जेवण झालं? उरलंसुरलं आहे. अन्न टाकू नये." आणि लगेच बायबलचं वचन काढलं. मावशींना वचनात हरवणं सोपं नाही. "योहानाच्या सहाव्या अध्यायात काय आहे सिस्टर? पाच हजार जेवले, मग प्रभू शिष्यांना काय म्हणाला? उरलेले तुकडे गोळा करा, काही फुकट जाऊ नये."

मी गप्प. पाळकसाहेब असते तर तेही गप्प झाले असते. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. सकाळपासून एक शब्द न बोललेल्या सासूबाई म्हणाल्या, "टोपल्या भरल्या म्हनलंय. बारा टोपल्या. प्वाटं भरली नाही म्हनलं."

श्रोतेहो, मावशी पदर तोंडाला लावून अशा हसल्या की ताटं खाली ठेवावी लागली. मीही हसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी मावशींनी ओट्याखाली एक दुरडी ठेवली. उरलेलं तिच्यात. चांगलं असेल ते संध्याकाळी कामी येतं, बाकी शेजारच्या शेळीला. स्वतः मात्र सगळ्यांबरोबर ताट वाढून खाली बसायचं, एकदाच, प्रार्थना करून. उभ्यानं काही नाही. पुढच्या तपासणीला मावशींची शुगर उतरली होती. शेळीचं वजन काय झालं ते विचारू नका!

अशा मावशी घरोघरी आहेत. शेवटी जेवणारी, उरलेलं संपवणारी, आणि 'मी काहीच खात नाही' म्हणणारी. तिला आळशी म्हणू नका.

मग श्रद्धा कुठं उपयोगी पडली? मावशी प्रार्थना करतच होत्या, पण वजन उतरव असा अर्ज देऊन वाट बघत होत्या. आता ताटावर बसताना करतात. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत आपण काय मागतो? आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. आजची. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून दिलेलं अन्न, मिळाला, तोही ज्याच्या त्याच्या गरजेपुरता. ज्यांनी सकाळपर्यंत साठवला, त्यांच्या मान्नात किडे पडले. आजची भाकर आज. मला तरी हे पथ्य कुठल्याही तक्त्यापेक्षा पाळायला सोपं वाटतं. आणि एखाद्या लग्नात घसरलात तर 'आता सोमवारपासून' म्हणू नका. देवाची दया रोज सकाळी नवी होते असं बायबलच्या विलापगीतात लिहिलंय, ती सोमवारची वाट बघत नाही.

हल्ली तरुण पोरं बायबलमधल्या दानिएलाचं पथ्य म्हणून दहा दिवस पालाभाजी आणि पाणी घेतात. घ्या बापडे! पण दानिएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय नीट वाचा. दहा दिवसांनी दानिएल आणि त्याचे सोबती इतरांपेक्षा धष्टपुष्ट दिसले असं लिहिलंय. बारीक झाले असं नाही.

आणि एक. पूर्वी आम्ही भक्तीला सतरंजीवर बसायचो. गाण्याला उठायचो, प्रार्थनेला गुडघे टेकायचो, पुन्हा बसायचो. तासाभरात अंग मोकळं. आता प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. वयस्करांना हव्यात, कबूल, पण वीस वर्षांच्या पोराला कशाला खुर्ची?   

चहाचं सांगते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे पाचेक लहान चमचे. प्रार्थनासभेचे दोन कप आणि घरचे दोन, संपला हिशोब. आमच्या मंडळात आता ताक आणि फुटाणे देतात. पहिल्यांदा एका घरी नाक मुरडलं गेलं. मावशींनी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली, मग बोलायची सोय उरली नाही. आणि पुढच्या घरी रिक्षा न करता चालत जायचं, गाणी म्हणत. दम लागला तर कडवं हळू म्हणा.

शेवटचं, आणि हे नर्स म्हणून. श्रद्धा आहे म्हणून गोळ्या बंद करा असं कुणी सभेत सांगितलं तर उठून घरी या. प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, त्याला कुणी वैद्यकी सोड म्हटल्याचं मी वाचलेलं नाही. आता ईस्टरच्या आधीचे लेंटचे चाळीस दिवस येतील, पुष्कळजण उपास धरतील. इन्सुलिन किंवा साखर उतरवायच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी साखर एकदम उतरते, घाम सुटतो, थरथर होते, माणूस बेशुद्धही पडतो. म्हणून उपास धरायच्या आधी डॉक्टरांना विचारा. पाळकसाहेबांना नंतर विचारलं तरी ते रागवायचे नाहीत. नमस्कार.