युकुलेलेचं भोक गोलच का?

(दृश्य : लाकडी फळीवर फिरणारं सर्कल कटर)

युकुलेले म्हणजे गिटारसारखं छोटं, चार तारांचं वाद्य. हे पातं फिरतंय त्यासाठीच्या कोआच्या फळीवर. कोआ हे मूळचं फक्त हवाई बेटांवरचं झाड. फळीची जाडी साधारण २ मिलिमीटर. मिरजेचे कारागीर सतारीच्या समोरच्या फळीला तबली म्हणतात, तिची ही युकुलेलेवरची बहीण. टेनर, म्हणजे मोठ्या मापाच्या युकुलेलेची तबली आहे, म्हणून भोक ६० मिलिमीटरच्या आसपास. सोप्रानोला, म्हणजे लहान मापाला, ते ५०च्या जवळपास असतं.

कटरच्या मधल्या खिळ्याकडे बघा. भोवतीची नक्षीदार कडी, म्हणजे रोझेट, भोक पाडायच्या आधीच बसली आहे. भोक पडलं की मध्यबिंदूच जातो, मग रोझेटचा चर कशाच्या आधाराने फिरवणार? चर सव्वा मिलिमीटर खोल. आणखी खोल गेला तर खाली पापडाएवढं लाकूड उरतं. कडी चिकटून वाळली, स्क्रेपरने तबलीच्या पातळीला आली, की मग भोक.

तेही एका दमात आरपार नाही. निम्म्याहून जास्त खोली पुढून, मग फळी उलटून उरलेली मागून. सरळ घुसवलं तर मागचे तंतू उचकटतात. कोआच्या शिरा लहरी असतात. जितकी देखणी फळी, तितकी ती फाटायला तयार.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, बंदर)

ऑगस्ट १८७९. पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून निघालेलं 'रेव्हन्सक्रॅग' जहाज हवाईतल्या होनोलुलूला लागलं. उसाच्या मळ्यांवर कामाला आलेल्या पोर्तुगीजांमध्ये लाकूडकाम जाणणारे तिघे होते : मान्युएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो. गावाकडच्या छोट्या माशेत वाद्यावरून त्यांनी युकुलेले घडवलं आणि त्याचं गोल भोकही सोबत आलं. पुढे सॅम्युएल कामाका यांनी अननसाच्या आकाराचं युकुलेले काढलं, १९२८मध्ये त्याचं पेटंट झालं. अख्खी पेटी, म्हणजे वाद्याचं पोकळ अंग, बदलली, भोक मात्र गोलच राहिलं.

(दृश्य : हृदयाकृती भोक, जवळून)

आता हे हृदय. दिसतं छानच. पण खालच्या टोकाशी थांबा. सगळा ताण त्या टोकात साठतो. हवा कोरडी झाली, लाकूड आकसलं, की चीर तिथूनच सुरू होऊन शिरेच्या दिशेने ब्रिजकडे, म्हणजे तारा जिथे तबलीवर टेकतात त्या पट्टीकडे, धावते. म्हणून जाणकार कारागीर आधी टोकाच्या जागी ३ मिलिमीटरचं ड्रिल मारतो आणि मग करवतीने आकार कापतो. टोक किंचित गोलावतं, तबली वाचते. आतून दीड मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी, शिरा आडव्या ठेवून, चिकटवली तर आणखी बरं.

(दृश्य : भोकावर पुठ्ठे बदलणारे हात, बाजूला फोनवरचा आलेख)

आवाजाचं काय? पेटीतली हवा भोकातून आत-बाहेर होते, तिचा स्वतःचा एक सूर असतो. पेटी घट्ट आणि तबली पातळ धरली, तर गणित सरळ आहे. भोकाचं क्षेत्रफळ निम्मं केलं, आकार गोलच ठेवला, की हवेचा सूर तीन सेमीटोन उतरतो (सेमीटोन म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर). ६० मिलिमीटरचं भोक ६४ केलं, की अर्ध्या सेमीटोनपेक्षा थोडा जास्त चढतो. प्रत्यक्षात तबली लवते, म्हणून फरक थोडा कमी दिसतो.

आता क्षेत्रफळ तेच ठेवून आकार बदलू. रुंदीच्या दुप्पट लांब लंबगोल : चढ सेमीटोनचा पावभाग. चौपट लांब : जेमतेम एक सेमीटोन. हृदय, चांदणी, पान यांचं क्षेत्रफळ गोलाएवढं असेल, तर कानाला तफावत शोधावी लागते. नक्षीदार भोकासाठी जादा पैसे द्यायचे तर डोळ्यांच्या सुखासाठी द्यावेत.

(दृश्य : एफ आकाराची भोकं)

एफ-होलची गोष्ट वेगळी. हवेचा जोर भोकाच्या कडेशी जास्त असतो, म्हणून लांब कड कामी येते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०१५मध्ये व्हायोलिन आणि तिच्या पूर्वजांवर हेच दाखवलं. पण युकुलेलेच्या तबलीत दोन लांब चिरा पाडल्या, की शिरा तुटतात, तबली सैल पडते, ब्रेस, म्हणजे तबलीला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या, नव्याने आखावे लागतात. कानाला जो बदल जाणवतो त्यात या सैलपणाचा वाटा मोठा आहे. आवाज बदलला की श्रेय मात्र आकाराला मिळतं.

भोकाची जागाही महत्त्वाची. ते वरच्या कोपऱ्यात सरकवलं, की ब्रिजसमोरची जास्त तबली मोकळी होते.

(दृश्य : पॉलिश पेपर, भोकाची कड)

भोक आधी २ मिलिमीटर लहान पाडतात. तारा चढवून दांड्यावरच्या प्रत्येक पट्टीवर (फ्रेटवर) सूर छेडायचा. एखादाच दणकन वाजून लगेच विझत असेल, तर हवेचा सूर नेमका त्यावर बसलाय. पॉलिश पेपरने कड थोडी थोडी वाढवायची, म्हणजे तो दोन पट्ट्यांच्या मध्ये सरकतो. हात जास्त चालला, तर आतून भोकाभोवती पातळ लाकडाची उभी कडी चिकटवतात. हवेला जास्त अंतर कापावं लागतं आणि सूर परत खाली येतो.