चिकणमातीचं अंगण आणि कृत्रिम गवत: पाणी जातं कुठे?

[दृश्य: पाऊस थांबलेलं अंगण. विरळ झालेलं गवत, मधोमध साचलेलं पाणी.]

निवेदन: पाऊस उघडून दोन दिवस झाले, तरी पाणी हललेलं नाही. पाय ठेवला की टाच रुतते. गवत मुळाशी कुजून पिवळं पडलंय. अशा अंगणात कृत्रिम गवत अंथरावं, असं वाटणं साहजिक आहे आणि ते करताही येतं. पण निचऱ्याचं खरं काम गवताखालचे थर करतात. ते चुकले, तर हिरव्या प्लॅस्टिकखाली तेच पाणी साचून राहतं आणि वर त्याला वास सुटतो.

चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहून लहान असतो. जाडसर वाळूचा कण त्याच्या शेकडो पट मोठा. चिकणमातीत पोकळ्या असतात, पण त्या इतक्या सूक्ष्म की पाणी त्यांत धरलं जातं, खाली सरकत नाही. ओली चिकणमाती तासाला साधारण १ ते ५ मिलिमीटर पाणी पिते. जोराच्या पावसापुढे हे काहीच नाही. त्यात काही चिकणमाती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसून भेगाळते. यावर थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. वाळूच्या कणांमधल्या जागा चिकणमाती भरून टाकते आणि जमीन आणखी घट्ट बसते.

[दृश्य: फूटभर खोल खड्डा. काठावर आडवी फळी, तिच्यापासून पाण्यापर्यंत मोजपट्टी.]

आपली जमीन किती पाणी पिते, ते आधी मोजून बघा. फूटभर खोल खड्डा घ्या. कुदळीच्या पात्याने बाजू घासून गुळगुळीत झाल्या असतील, तर त्या खरवडा. त्या चकाकीतून पाणी आत शिरत नाही. खड्डा एकदा भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि दर तासाला पातळी मोजा. तासाला सेंटीमीटरभरही पाणी उतरलं नाही, तर मुरण्यावर भिस्त ठेवू नका. हे पाणी बाहेर न्यावं लागेल. म्हणजे ते कुठे सोडायचं, हे खोदकामाआधीच ठरवायला हवं. शेजारच्या आवारात तर नक्कीच नाही.

आता जरा वर बघा. १०० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला, की १,००० लिटर पाणी पन्हाळीतून खाली येतं. तो पाइप अंगणात सुटत असेल, तर आधी त्याची वाट बदला. कित्येकदा अर्धी दलदल एवढ्यानेच हटते.

खोदकाम मात्र जमिनीला वाफसा आल्यावरच. ओल्या चिकणमातीवर वजनदार यंत्र फिरवलं, की उरल्यासुरल्या पोकळ्याही दबून जातात.

सगळ्यात जास्त घोळ पुढच्या टप्प्यावर होतो. जमीन सपाट उकरायची, खडी भरायची, वर गवत अंथरायचं. चिकणमातीत असा खड्डा केला, की तो बूच लावलेल्या टबासारखा भरून राहतो. म्हणून उतार गवताला नव्हे, खडीखालच्या मातीच्या तळालाच द्यायचा: दर मीटरला २ सेंटीमीटर, घराच्या भिंतीपासून दूर. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. दोरी आणि लेव्हल घेऊन तपासा.

[दृश्य: मातीवर जिओटेक्स्टाइल अंथरलं जातंय. त्यावर खडी पसरताना.]

तळावर न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. ते नसेल तर चिखल हळूहळू वर चढतो आणि खडी मातीत बसते. कापडावर १० सेंटीमीटर धुतलेली, कंगोऱ्यांची २० मिलिमीटर खडी, धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने बसवलेली. अशा खडीत साधारण ४० टक्के पोकळी असते. म्हणजे एका चौरस मीटरखाली जवळपास ४० लिटर पाणी थोपून राहू शकतं आणि सावकाश निघून जातं. वर सपाटीसाठी बारीक खडीचा पातळ थर. दगडाची भुकटी इथे टाळलेलीच बरी. ती छान सपाट बसते खरी, पण दाबली की पाणी अडवते.

उताराच्या खालच्या कडेला चर. त्यात खडीच्या बिछान्यावर छिद्रांचा १०० मिलिमीटर पाइप, भोवती खडी, सगळ्याला कापडाचं वेष्टन. छिद्रं खालच्या बाजूला ठेवायची. हे उलटं वाटतं, पण चरातलं पाणी तळापासून वर चढतं, त्यामुळे ते खालच्या छिद्रांतून लवकर आत शिरतं. पाइपालाही दर मीटरला सेंटीमीटरभर उतार हवा. या चराला फ्रेंच ड्रेन म्हणतात. हेन्री फ्रेंच या अमेरिकी न्यायाधीशांनी १८५९ साली शेतजमिनीच्या निचऱ्यावर सविस्तर लिहिलं, त्यांच्यावरून हे नाव पडलं.

गवत निवडताना ते उलटं करून पाठ बघा. छिद्रं मोकळी आहेत का, की रबराने अर्धवट बुजलेली? तिथेच पाणी ओतून बघायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. सगळं अंगण प्लॅस्टिकने झाकू नका. कडक उन्हात हे गवत ६० अंशांच्या वर तापू शकतं. लहान मुलांचे अनवाणी पाय भाजतात. त्याचे तंतू झिजून मातीत आणि पाण्यात जातात. झाडांच्या मुळांवरची माती दाबली, खोदली, तर झाड वाळू शकतं. जिथे रोज वावर आहे, तेवढ्याच पट्ट्यात ते घाला. बाकी ठिकाणी ओल सोसणारी झाडं लावा.

[दृश्य: खडीवर पाण्याची नळी. पलीकडे पाइपाचं तोंड.]

गवताचे रोल उलगडण्याआधी खडीवर अर्धा तास नळी सोडा. पाइपाच्या तोंडाशी पाणी आलं पाहिजे. आलं नाही, तर खडी उचलून तळाचा उतार पुन्हा काढा. गवत अंथरल्यावर हेच काम दुप्पट होतं. आणि पाइपाचं तोंड झाकून टाकू नका. दर पावसाळ्याआधी तिथला गाळ आणि पालापाचोळा हाताने काढता यायला हवा.