एका खगोलशास्त्रज्ञाची बडतर्फी

श्रोतेहो, नमस्कार.

ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत रशियानं स्पुटनिक अवकाशात सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. आकाशाचा अभ्यास असलेली माणसं सरकारला हवीच होती. नेमक्या त्याच हिवाळ्यात सैन्याच्या नकाशा विभागानं आपल्या एका खगोलशास्त्रज्ञाला घरी पाठवलं. त्यांचं नाव फ्रँक कॅमेनी. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेले, दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढून आलेले. चौकशी अधिकाऱ्यांनी त्यांना बोलावून विचारलं, तुम्ही समलिंगी असल्याची माहिती आमच्याकडे आली आहे, यावर काय म्हणायचंय? याचा माझ्या कामाशी काही संबंध नाही, असं त्यांनी सांगितलं. नोकरी गेली ती गेलीच, केंद्र सरकारच्या बाकीच्या नोकऱ्यांचीही दारं बंद झाली.

याला आधार होता १९५३ सालच्या राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या आदेशाचा. समलिंगी माणसाला धमकावून शत्रू गुपितं काढून घेईल, असं सरकारचं म्हणणं. आता हे तर्कट बघा. माणूस घाबरतो कशाला, तर नोकरी जाईल म्हणून. आणि नोकरी घालवणार कोण, तर सरकारच! या तर्कटापायी हजारो लोक देशोधडीला लागले. बहुतेकांनी मुकाट राजीनामे दिले, कारण भांडायचं तर घरी, गावी सगळं उघडं पडणार.

कॅमेनी मात्र कोर्टात गेले. हरले. पुढे वकिलानंही अंग काढून घेतलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा अर्ज त्यांनी स्वतःच लिहिला. वंश किंवा धर्म पाहून माणसाला डावलणं आणि हे डावलणं यात फरक नाही, असं त्यांनी त्यात ठणकावून सांगितलं. मार्च १९६१ मध्ये न्यायालयानं तो अर्ज ऐकायलाच नकार दिला. त्याच वर्षी त्यांनी जॅक निकोल्स यांच्या साथीनं ‘मॅटाशीन सोसायटी ऑफ वॉशिंग्टन’ ही समलिंगींच्या हक्कांसाठी लढणारी संस्था उभी केली. गृहस्थ खमके. संस्थेचं वार्तापत्र ते थेट एफबीआयचे प्रमुख हूवर यांना धाडायचे. शेवटी एफबीआयनंच विनवलं, आमचं नाव यादीतून काढा!

१७ एप्रिल १९६५. व्हाइट हाउससमोर जेमतेम दहा माणसं फलक घेऊन फेऱ्या घालत होती. पुरुष कोट-टायमध्ये, बायका नीटनेटक्या पोशाखात. हा कॅमेनींचा दंडकच होता: सरकारी नोकरी मागायची तर नोकरीला शोभेल असं दिसायचं. पुढच्या पिढीतल्या बंडखोरांना हा सोवळेपणा रुचला नाही, आणि त्यात तथ्यही होतं. पण त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवणं हेच मोठं धाडस होतं.

जूनमध्ये हीच मंडळी नागरी सेवा आयोगाच्या दारात उभी राहिली. आयोगानं चर्चा केली, आणि पुढच्या वर्षी पत्रानं कळवलं की अशा माणसांबरोबर काम करणं इतर कर्मचाऱ्यांना सहन होणार नाही. म्हणजे शत्रूची भीती बाजूलाच राहिली, अडचण शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाची होती.

१९६९ मध्ये नासातल्या क्लिफर्ड नॉर्टन यांच्या खटल्यात अपील न्यायालयानं सांगितलं की खाजगी वर्तनाचा कामावर काय परिणाम होतो ते दाखवल्याशिवाय काढता येणार नाही. १९७५ मध्ये आयोगानं सरसकट बंदी उठवली. गुप्त कामांच्या परवानग्या, सैन्य, इथली लढाई मात्र आणखी कित्येक वर्षं चालली.

कॅमेनी खगोलशास्त्राच्या नोकरीत परत कधीच गेले नाहीत. जून २००९ मध्ये त्यांच्या हाती माफीचं सरकारी पत्र पडलं. ते आलं होतं त्या आयोगाची जागा घेतलेल्या कार्यालयाकडून, आणि खाली सही होती प्रमुख जॉन बेरी यांची. बेरी स्वतः उघडपणे समलिंगी होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या कॅमेनींनी तिथल्या तिथे जाहीर केलं, माफी मंजूर.