रोख दिलं की स्वस्त: कायद्यात बसतं का?

नमस्कार मंडळी. यूपीआयच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "दुकानदार म्हणतो, रोख द्या, पाचशे कमी करतो. हे चालतं का?"

चालतं. छापील एमआरपीच्या वर घेता येत नाही, खाली विकायला कुणाची आडकाठी नाही. झालं.

खरी गोम पुढच्या वाक्यात असते: "बिल नको असेल, तर अजून कमी करतो." मंडळी, ही रोखीची सूट नाहीच! तो कर बुडवतोय आणि त्यातला थोडासा वाटा तुमच्या हातावर ठेवतोय. फ्रिजचा हिशेब बघा. किंमत 20,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 23,600. रोखीची हजार रुपये सूट बिलातच दाखवली, तर जीएसटी 19,000 वर लागतो. तुम्ही भरता 22,420. म्हणजे वाचले 1,180, तेही पक्क्या बिलासकट. सूट मागा, पण बिलावर लिहून मागा.

माझ्या मावशीनं दिवाळीत असाच बिनबिलाचा मिक्सर घेतला. महिन्याभरात मोटर जळाली, आणि तोच दुकानदार म्हणतो, "पावती दाखवा." मला अजून राग येतो त्याचा.

एकांनी लिहिलंय, "छोट्या दुकानदारांच्या पोटावर का उठता?" अहो, ज्याची जीएसटी नोंदणी नाही त्यानं कर लावायचाच नाहीये, साधी पावती तर देता येते ना? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. म्हणून परत सांगते, रोख द्या, ऑनलाइन द्या, बिल सोडू नका.

आता उलटी बाजू, "कार्डाला दोन टक्के जास्त." डेबिट कार्डाचं शुल्क दुकानदारानं ग्राहकावर टाकू नये, हे बँकांनी बघायचं, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून केलेलं यूपीआय यांवर तर 1 जानेवारी 2020 पासून दुकानदाराला एमडीआर, म्हणजे असे पैसे घेतल्याबद्दल त्याच्याकडून कापलं जाणारं शुल्कच नाही. मग जास्तीचे पैसे कशाचे?

आणि लग्नघरांसाठी एक. एप्रिल 2017 पासून एका माणसाकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एका कार्यक्रमासाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. दंड घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेएवढा. कार्यालयवाले म्हणतात, हप्त्यानं द्या. पण एकाच लग्नाचे तुमचे सगळे रोख हप्ते एकत्र मोजले जातात. तेव्हा रोख दोन लाखांच्या आत ठेवा, बाकीचे चेकनं द्या आणि प्रत्येक हप्त्याची पावती तिथल्या तिथे घ्या.